अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये १९ पूर्ण झालेली मुलं कशी खेळतात? सगळं गणित सोप्या भाषेत

दर दोन वर्षांनी जानेवारी आला की पोरांचा वर्ल्ड कप येतो आणि त्याच्या मागोमाग तेच तेच प्रश्न येतात. याला तर चांगल्या दाढीमिशा आहेत, हा १९ च्या आतला कसा काय? आपण तीनही मॅच जिंकलो मग पुढच्या टेबलात पॉइंट चारच का दिसतायत? मागच्या वेळी एवढं भारी खेळला होता तो पोरगा यंदा टीममध्ये का नाही? आणि वैभव सूर्यवंशीचं नाव निघालं की मग तर वयावरून जी भांडणं लागतात ती मिटतच नाहीत. मी ही स्पर्धा कधी पहाटे उठून तर कधी रात्र जागून बरीच वर्षं बघतोय आणि मला मनापासून वाटतं की यातले बरेचसे वाद नियम माहीत नसल्यामुळे होतात, आणि ते बोल ऐकावे लागतात सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना. म्हणून एकदा बसून सगळं नीट मांडतोय. वाचताना एक तारीख तेवढी डोक्यात ठेवा, १ सप्टेंबर. वयाचा कुठलाही प्रश्न घ्या, तो फिरून फिरून या तारखेपाशीच येतो.

आधी ही स्पर्धा आहे काय ते

पहिल्यांदा ही स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली आणि जिंकली पण त्यांनीच, फायनलला पाकिस्तानला हरवून. त्या स्पर्धेत कोण कोण होतं बघा, ब्रायन लारा, इंझमाम, जयसूर्या, मायकेल आथर्टन, नासर हुसेन. एवढी पोरं एका ठिकाणी दिसली तरी पुढची दहा वर्षं कोणाला ही स्पर्धा परत भरवावीशी वाटली नाही. दुसरी झाली ती थेट १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, आणि तिथून मात्र दर दोन वर्षांनी होतेय. सचिन तेंडुलकर कधीच अंडर-१९ वर्ल्ड कप खेळला नाही याचं नवल करणारे लोक भेटतात, पण १९८८ ला तो टीममध्ये नव्हता, १९८९ ला तो सिनियर टीमकडून खेळायलाच लागला, आणि पुढची स्पर्धा आली तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

मुलांची स्पर्धा ५० ओव्हरची असते. मुलींची २०२३ पासून सुरू झाली आणि ती टी-२० आहे. २०२३ आणि २०२५ अशा दोन्ही वेळा ती भारताच्या मुलींनी जिंकली, ज्याचा गाजावाजा मुलांच्या मानाने फार कमी झाला आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मुलांच्या या ५० ओव्हरच्या मॅचना 'यूथ वनडे' म्हणतात. म्हणजे इथे मारलेलं शतक खेळाडूच्या वनडेच्या शतकांत धरत नाहीत. त्याचं वेगळं खातं असतं, बस.

मुलांच्या स्पर्धेत १६ टीम्स असतात. काही आधीच्या कामगिरीवर थेट येतात, बाकीच्यांना आपापल्या भागातली पात्रता स्पर्धा जिंकून यावं लागतं. ही पात्रता किती कडक असते बघा, २०२६ चं यजमानपद झिम्बाब्वे आणि नामिबिया यांनी मिळून घेतलं पण नामिबियाची टीम स्पर्धेतच नव्हती, कारण आफ्रिकेतल्या पात्रता स्पर्धेतून टांझानिया पुढे आली. घरी लग्न आणि आपणच पंगतीत नाही, असं त्या पोरांना वाटलं असेल.

तीन मॅच जिंकल्या, पॉइंट चारच?

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, 'सुपर सिक्स' या भानगडीत. तर १६ टीम्सचे चार ग्रुप, एका ग्रुपात चार. प्रत्येक ग्रुपातली शेवटची टीम बाहेर आणि वरच्या तीन पुढे. मग दोन-दोन ग्रुप एकमेकांना जोडतात, तीन अधिक तीन सहा, म्हणून सुपर सिक्स. असे दोन सुपर सिक्स होतात आणि दोन्हीतल्या पहिल्या दोन टीम्स सेमीफायनलला जातात. इथपर्यंत सोपं आहे.

गंमत पुढे आहे. सुपर सिक्समध्ये आल्यावर तुमचे जुने पॉइंट पुसले जात नाहीत, पण सगळे धरलेही जात नाहीत. तुमच्या ग्रुपातून ज्या दोन टीम्स तुमच्याबरोबर वर आल्या त्यांच्याशी झालेल्या मॅचचे पॉइंट फक्त सोबत येतात. जी टीम बाहेर गेली तिच्याशी झालेली मॅच गळते. शाळेत चाचणीचे मार्क वार्षिक निकालात धरावेत पण मध्येच एखादा विषय बंद झाला तर त्या विषयाचे मार्क सगळ्यांच्याच बेरजेतून काढून टाकावेत, तसं हे आहे.

२०२४ चं उदाहरण घ्या, यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. भारताच्या ग्रुपात बांगलादेश, आयर्लंड आणि अमेरिका होते. भारताने बांगलादेशला ८४ रननी हरवलं, आयर्लंडला २०१ रननी आणि अमेरिकेला पण बरोब्बर २०१ रननीच. दोन विजय अगदी सारखे. पण आयर्लंड वर आलं आणि अमेरिका बाहेर गेली, त्यामुळे एक २०१ जमेला धरला गेला आणि दुसरा २०१ हिशोबातूनच गेला. भारताने सुपर सिक्सला सुरुवात केली ती सहाने नाही तर चार पॉइंटनी. एक विजय म्हणजे दोन पॉइंट.

आता कोणी म्हणेल की हा तर अन्याय झाला, जिंकलेली मॅच अशी कशी काढून टाकता? पण दुसऱ्या बाजूने बघा. सगळ्यात कमजोर टीमला कोण किती धुतो यावर सेमीफायनल ठरायला लागली तर ज्याच्या ग्रुपात जास्त कमजोर टीम त्याची चांदी. ते टाळायला ही सोय आहे आणि माझ्या मते ती योग्यच आहे. शिवाय ग्रुपातल्या एकाही मॅचला 'आता काय, आपण तर पोचलोच' म्हणून ढिलं पडता येत नाही, कारण जो तुमच्याबरोबर वर येणार आहे त्याच्याशी झालेली हार पुढे तुमच्या मानगुटीवर बसून येते.

सुपर सिक्समध्ये नवीन मॅच फक्त दोन असतात. पलीकडच्या ग्रुपातल्या तीन टीम्सपैकी जी तुमच्याच नंबरवर आली होती तिच्याशी खेळायचं नाही, उरलेल्या दोघींशी खेळायचं. म्हणून २०२४ मध्ये भारत आणि पाकिस्तान एकाच सुपर सिक्समध्ये असून त्यांची मॅच झाली नाही, दोघंही आपापल्या ग्रुपात पहिले आले होते ना. त्यावेळी लोकांनी मुद्दाम टाळली वगैरे काय काय लिहिलं होतं, पण तसं काही नव्हतं, नियमच तसा होता.

नेट रन रेट, आणि त्या १४ बॉलची गोष्ट

पॉइंट सारखे झाले की नेट रन रेट बघतात. सोप्यात सोपं सांगायचं तर तुम्ही एका ओव्हरमागे सरासरी किती रन काढले त्यातून समोरच्यांना एका ओव्हरमागे किती काढू दिले ते वजा करायचं. एवढंच. फक्त एक खोच आहे, टीम ऑलआऊट झाली तर ती किती ओव्हर टिकली ते न बघता पूर्ण ५० ओव्हर धरतात.

समजा समोरची टीम १५० ला ऑलआऊट झाली, मग ती ३० ओव्हरमध्ये होवो की ४५, त्यांचा रेट ३ च. आता तुम्ही १५१ रन २५ ओव्हरमध्ये काढलेत तर तुमचा रेट ६ च्या थोडा वर, म्हणजे फरक ३ च्या वर पडला. तेच १५१ तुम्ही ४९ ओव्हर लावून काढलेत तर फरक जेमतेम शून्याच्या वर. विजय तोच, पॉइंट तेवढेच, पण टेबलात जमीन-अस्मानाचा फरक.

२०२४ ला सुपर सिक्सच्या शेवटी पाकिस्तान आणि बांगलादेश बेनोनीला भिडले. पाकिस्तानचे ६ पॉइंट, बांगलादेशचे ४. बांगलादेश जिंकला असता तर दोघांचे ६-६ आणि मग गाडी रन रेटवर आली असती. पाकिस्तान १५५ ला ऑलआऊट झाला. हिशोब मांडला गेला तेव्हा समजलं की बांगलादेशला नुसतं जिंकून उपयोग नाही, १५६ रन ३८.१ ओव्हरच्या आत काढायला पाहिजेत. आता हे ३८.१ म्हणजे ३८ ओव्हर आणि १ बॉल, अपूर्णांक नव्हे, एका ओव्हरमध्ये सहाच बॉल असतात हे लक्षात घ्या. बांगलादेशची शेवटची विकेट पडली ती ३५.५ ओव्हरला, स्कोअर १५०. जिंकायला ६ रन आणि त्या मर्यादेतले १४ बॉल शिल्लक होते. मी ती मॅच बघितली आहे, शेवटची जोडी मैदानात, एक-एक रन निघतोय आणि प्रत्येक बॉलला कॅमेरा डगआऊटमधल्या पोरांच्या चेहऱ्यावर जातोय. रन रेट हा शब्द कोरडा वाटतो ना, त्या दिवशी अजिबात वाटला नाही.

आता मुख्य मुद्दा, १९ पूर्ण झालेला मुलगा अंडर-१९ मध्ये कसा?

विराट कोहलीने २ मार्च २००८ ला मलेशियात कप उचलला तेव्हा त्याचं वय १९ वर्षं आणि जवळजवळ ४ महिने होतं. यात काहीही गैर नव्हतं. २०२४ च्या टीमचा कॅप्टन उदय सहारन फायनल खेळला तेव्हा १९ वर्षं ५ महिन्यांचा होता. तिथेही काही गैर नाही.

कारण नियम असा की स्पर्धेच्या आदल्या वर्षीचा ३१ ऑगस्ट संपेपर्यंत तुमची १९ वर्षं पूर्ण झालेली नसली पाहिजेत. त्यानंतर झाली तर झाली. म्हणजे २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या स्पर्धेसाठी १ सप्टेंबर २००४ ला किंवा त्यानंतर जन्मलेले चालतात, २०२६ साठी १ सप्टेंबर २००६ किंवा त्यानंतरचे. पहिलीच्या ॲडमिशनला कसं एका ठराविक तारखेला मुलाचं वय बघतात आणि नंतर वर्षभर त्याचा वाढदिवस कधी येतो याच्याशी शाळेला काही देणंघेणं नसतं, तसंच आहे हे. अंडर-१९ मधला १९ हा आकडा त्या एका दिवसापुरता आहे.

सगळ्यात सुंदर उदाहरण शफाली वर्माचं. मुलींच्या पहिल्या स्पर्धेची फायनल २९ जानेवारी २०२३ ला होती आणि कॅप्टन शफालीचा १९ वा वाढदिवस होता २८ जानेवारीला. म्हणजे फायनलच्या आदल्या दिवशी तिला १९ पूर्ण झाली आणि दुसऱ्या दिवशी तिने अंडर-१९ चा कप उचलला.

इथे एक आक्षेप हमखास येतो की शफाली तर तोपर्यंत तीन वर्षांपासून सिनियर टीमकडून खेळत होती, मग तिला लहानांत कशाला खेळवलं? उत्तर सरळ आहे, नियमात फक्त वय बघतात, अनुभव नाही. हे बरोबर की चूक यावर दोन मतं असू शकतात. मला विचाराल तर पहिलीच स्पर्धा होती, टीव्हीवर मुलींचं अंडर-१९ क्रिकेट लोक पहिल्यांदा बघणार होते, तिथे ओळखीचा चेहरा असणं चांगलंच झालं.

आठ दिवस आधी जन्मलेल्याचं काय?

उदय सहारनचा जन्म ८ सप्टेंबर २००४ चा. कट-ऑफच्या पुढे बरोबर एक आठवडा. हाच मुलगा आठ दिवस आधी, ३१ ऑगस्टला जन्मला असता तर २०२४ च्या स्पर्धेत त्याला पाय ठेवता आला नसता, आणि २०२२ मध्ये खेळायचं तर सतराव्या वर्षी स्वतःपेक्षा दोन-दोन वर्षांनी मोठ्या मुलांना मागे टाकून जागा मिळवावी लागली असती.

स्पर्धा दोन वर्षांनी येते म्हणून एका टीममध्ये साधारण दोन वर्षांच्या जन्मतारखांची मुलं असतात. पहिल्या वर्षात जन्मलेली थोरली, दुसऱ्या वर्षातली धाकटी. धाकट्यांना थोरल्यांशी स्पर्धा करावी लागते आणि पुढच्या खेपेला वय निघून गेलेलं असतं. अठराव्या वर्षी एका वर्षाने मोठं असणं म्हणजे खांदे भरलेले, बॉलिंगचा स्पीड जास्त, जिल्हा-राज्य पातळीवर एक अख्खा सीझन जास्त खेळलेला.

आणि हे अठराव्या वर्षी सुरू होत नाही हो, दहा-बाराव्या वर्षीच होतं. कोच निवड करतो तेव्हा त्याला जो उंच आणि दणकट दिसतो तो पुढे जातो, बऱ्याचदा तो फक्त दहा महिन्यांनी मोठा असतो. मग त्याला नेटमध्ये जास्त बॅटिंग मिळते, चांगल्या टीम्सबरोबर मॅच मिळतात, आणि पाच वर्षांनी तो खरोखरच चांगला झालेला असतो. सुरुवात जन्मतारखेच्या नशिबाने झाली होती हे तोपर्यंत सगळे विसरलेले असतात. याला 'सापेक्ष वयाचा परिणाम' म्हणतात. १९८० च्या दशकात कॅनडात आइस हॉकीच्या मुलांच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा वरच्या टीम्समध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली पोरं भरमसाट निघाली, कारण तिथली कट-ऑफ १ जानेवारीची.

पण म्हणून धाकट्यांना जमतच नाही असं नाही. शुभमन गिलचा जन्म ८ सप्टेंबर १९९९ चा, २०१८ ची कट-ऑफ होती १ सप्टेंबर १९९८, म्हणजे तो पक्का धाकट्या गटातला. तरी ३७२ रन काढून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तुमच्या माहितीतला एखादा मुलगा वयोगटातल्या टीमच्या निवडीत राहिला असेल तर आधी त्याची जन्मतारीख कट-ऑफच्या कुठल्या बाजूला पडते ते बघा, आणि मग त्याच्या खेळाबद्दल बोला.

पण जन्मतारीखच खोटी असली तर?

एका तारखेवर एवढं अवलंबून असलं की तारीख बदलायचा मोह होणारच. कागदावर वय दोन वर्षांनी कमी केलं की पोरगा धाकट्यांत खेळणार आणि सहज उठून दिसणार. हे वर्षानुवर्षं चाललंय. डिसेंबर २०१५ मध्ये राहुल द्रविडने पतौडी व्याख्यानात यावर कळकळीने बोलून दाखवलं होतं, आणि तेव्हा तो अंडर-१९ टीमचा कोच होता, म्हणजे रोज समोर बघत होता. २०२० मध्ये बीसीसीआयने सांगितलं की ज्यांनी चुकीची तारीख दिलीय त्यांनी स्वतःहून येऊन खरं सांगावं, त्यांच्यावर बंदी येणार नाही, पण नंतर सापडलात तर दोन वर्षं बाहेर.

पकडतात कसं? तर हाडांवरून. या टेस्टला टीडब्ल्यू-३ म्हणतात, टॅनर आणि व्हाइटहाउस या दोन संशोधकांच्या नावावरून, आणि ३ म्हणजे पद्धतीची तिसरी आवृत्ती. डाव्या हाताचा, मनगटापासून बोटांपर्यंत एक्स-रे काढतात. लहान मुलाच्या एक्स-रेमध्ये बोटांची हाडं अखंड दिसत नाहीत, प्रत्येक हाडाच्या टोकाशी एक छोटी टोपी सुटी तरंगल्यासारखी दिसते आणि मध्ये काळी फट असते. ती फट म्हणजे वाढीची कूर्चा, तिथूनच हाड लांब होतं. मूल वाढतं तशी फट अरुंद होत जाते आणि शेवटी टोपी हाडाला पक्की चिकटते. नवीन बांधकामात सुरुवातीला सांधा स्पष्ट दिसतो आणि प्लॅस्टर बसलं की तो कुठे होता तेही सापडत नाही, तसं. तज्ज्ञ एकेक हाड बघून त्याला गुण देतात, बेरीज करतात, त्यावरून हाडांचं वय काढतात.

मग अंडर-१९ च्या मुलांचीच ही टेस्ट करा ना, भांडण मिटेल

नाही मिटणार, कारण तोपर्यंत उशीर झालेला असतो. या पद्धतीत मुलांची हाडं साडेसोळाच्या आसपास पूर्ण वाढलेली धरतात. एकदा सगळ्या फटी बुजल्या की १७ चा हात, १९ चा हात आणि २५ चा हात एक्स-रेमध्ये सारखाच दिसतो. म्हणूनच बीसीसीआय ही टेस्ट मुलांच्या अंडर-१६ आणि मुलींच्या अंडर-१५ गटाला करतं आणि तिथे पक्की झालेली नोंद पुढे चालते. दाढीमिशांवरून वय सांगणं तर त्याहून कच्चं, पंधराव्या वर्षी दाढी आलेली मुलं आणि वीस झाली तरी न आलेली मुलं आपण सगळ्यांनीच बघितलीयत.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. हाडांचं वय म्हणजे खरं वय नव्हे, तो अंदाज आहे. काही मुलांची हाडं त्यांच्या वयाच्या वर्षभर पुढे धावतात, काहींची मागे राहतात, आणि दोघंही अगदी निरोगी असतात. त्यात ही पद्धत बेतलीय ती मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या मुलांच्या एक्स-रेवरून. म्हणजे खरी जन्मतारीख असलेला, कधीही खोटं न बोललेला एखादा पोरगा फक्त लवकर वयात आला म्हणून बाद होऊ शकतो. २०२५ मध्ये अशा मुलांना आणखी एक टेस्ट द्यायची मुभा ठेवायचं बीसीसीआयने ठरवलं ते त्यामुळेच. मला विचाराल तर टेस्ट पाहिजेच, तिच्याशिवाय सगळा बाजार होईल, पण एका एक्स-रेवरून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला खोटारडा ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. आणि तारीख खरोखर बदललेली असली तरी ती त्या मुलाने बदललेली नसते, कोणा मोठ्या माणसाने बदललेली असते.

मागच्या वेळचा हिरो यावेळी का नाही?

यात दोन नियम एकत्र कालवले जातात. एक आयसीसीचा, तो फक्त तारखेचा. त्यात बसत असाल तर दोनदा काय तीनदाही खेळा. पाकिस्तानचा बाबर आझम २०१० आणि २०१२ अशा दोन स्पर्धा खेळला, बांगलादेशचा मेहदी हसन मिराझ २०१४ आणि २०१६ ला कॅप्टन होता. आपल्याकडे रवींद्र जडेजा २००६ आणि २००८ खेळला, सर्फराज खान २०१४ आणि २०१६.

दुसरा नियम फक्त बीसीसीआयचा, २०१६ मध्ये केलेला: भारताच्या मुलाने हा वर्ल्ड कप एकदाच खेळायचा. कारण असं की एकच मुलगा चार वर्षं जागा अडवून बसला तर मागची रांग तिथेच थांबते, आणि जो एकदा इथे चमकला त्याने परत लहानांत खेळण्यापेक्षा मोठ्यांच्या रणजी वगैरेत जाऊन मार खाल्लेला बरा, शिकेल तरी.

यावर आक्षेप असा की मग दुसरे देश अनुभवी पोरं आणतात आणि आपण दर वेळी कोरी पाटी घेऊन जातो, हे नुकसान नाही का? आकडे बघा. २०१६, २०१८, २०२०, २०२२, २०२४, सलग पाच वेळा भारत फायनलला होता, आणि २०१८ पासून तर दर वेळी पूर्ण नवी टीम. त्यातल्या दोन जिंकल्या, तीन हरल्या. २०२० ची फायनल बांगलादेशकडून हरलो ती तर ३ विकेटनी, पाऊस पडून टार्गेट बदललेलं होतं. कप थोडे कमी आले असतील पण खेळलेली मुलं किती वाढली ते मोजा.

आता वैभव सूर्यवंशी. जन्म २७ मार्च २०११. एप्रिल २०२५ मध्ये चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ बॉलमध्ये शतक मारलं त्याने, आणि २०२६ च्या वर्ल्ड कपला त्याची निवड झाली. १ सप्टेंबरचा हिशोब त्याला लावून बघा. २०२८ ला तो आरामात बसतो. स्पर्धा अशीच दोन वर्षांनी आली तर २०३० ला पण बसतो, कारण तेव्हाची कट-ऑफ येईल १ सप्टेंबर २०१० आणि तो त्यानंतर जन्मलाय. म्हणजे तारखेने तीन वर्ल्ड कप, बीसीसीआयच्या नियमाने एक. त्यामुळे पुढच्या वेळी तो दिसला नाही तर त्याला डावललं असं कृपा करून कोणी लिहू नका.

मुलींना मात्र हे लावलेलं दिसत नाही, गोंगडी त्रिशा २०२३ आणि २०२५ दोन्ही खेळली आणि दुसऱ्या वेळी या स्पर्धेतलं पहिलं शतक तिच्या बॅटमधून आलं. मुलींची रांग अजून तेवढी मोठी नाही, एवढा फरक मला तरी पटतो.

इथे चमकला म्हणजे पुढे नक्की?

नाही, आणि उलटंही नाही. धोनी ही स्पर्धा कधी खेळला नाही, बुमराही नाही. उन्मुक्त चंदने २०१२ च्या फायनलला ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलियासमोर कॅप्टन म्हणून नाबाद १११ मारले, कप आणला, आणि भारताच्या सिनियर टीमकडून त्याला एकही मॅच मिळाली नाही. पुढे तो अमेरिकेत खेळायला गेला. लोक त्याचं नाव घेऊन 'वाया गेला' म्हणतात ते मला फार लागतं. अंडर-१९ मध्ये तुमची स्पर्धा फक्त दोन वर्षांच्या जन्मतारखांशी असते. तिथून बाहेर पडलात की त्याच अकरा जागांसाठी विशीतल्या-तिशीतल्या सगळ्यांशी असते. बारावीला वर्गात पहिला आलेला मुलगा पुढे देशभरातून निवड होणाऱ्या परीक्षेला बसतो तेव्हा तो आधीपेक्षा कमी हुशार झालेला नसतो, रांग बदललेली असते.

२००८ ची स्पर्धा काढून बघा, कोहलीवाली. आज सगळ्यांना तेवढंच आठवतं की कोहली कॅप्टन होता. पण त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त रन त्याचे नव्हते. ते होते त्याच्याच टीममधल्या तन्मय श्रीवास्तवचे, २६२, कोहलीचे २३५. फायनलचा सामनावीर पण कोहली नव्हता, बॉलर अजितेश अर्गल होता, ५ ओव्हरमध्ये ७ रन देऊन २ विकेट. हे दोघं भारताकडून कधी खेळले नाहीत. पण दोघांनीही क्रिकेट सोडलं नाही, दोघंही पुढे अंपायर झाले, आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये कोहली बॅटिंग करत होता त्याच सीझनला तन्मय अंपायरचा कोट घालून मैदानात उभा होता.